थोरली, धाकटी आणि पंच

माणसाने आयुष्यात काय वाटेल ते व्हावं, पण घरच्या भांडणात पंच होऊ नये. बाहेरच्या भांडणात पंचाला निदान बसायला खुर्ची मिळते, कोणी पाणी विचारतं. घरच्या पंचाला दोन्हीकडून बोलणी बसतात आणि वर जेवायला उशीर होतो. हे मला आधीच कळायला हवं होतं. पण माझं कुठल्याच गोष्टीवर ठाम मत नसतं आणि आमच्या घरात त्याला समतोल बुद्धी म्हणायची पद्धत आहे. बायको त्याला वेगळं नाव देते, पण तो भाग सोडा. तर ‘थोरली चांगली की धाकटी’ हा जुना खटला एकदाचा निकालात काढायचं ठरलं, तेव्हा बाबा आणि काका दोघांनीही माझंच नाव सुचवलं. या दोघा भावांचं आयुष्यात दोनदाच एकमत झालं, त्यातलं हे पहिलं. दुसऱ्याबद्दल पुढे सांगावं लागणारच आहे.

थोरली आणि धाकटी म्हणजे मोटरसायकली. दोन्ही जपानी, दोन्ही साडेतीनशे सीसीच्या, दोन्ही दोन सिलिंडरच्या, आणि क्रोमचा मुलामा हात न आखडता चढवायचे त्या काळातल्या. थोरली बाबांची, कारण बाबा थोरले. ती फोर-स्ट्रोक. हलक्या आवाजात, एका लयीत बोलणारी. धाकटी काकांची, टू-स्ट्रोक. तिला पेट्रोलबरोबर वेगळं ऑइल प्यायला लागतं, ते पिऊन ती निळा धूर सोडते आणि मग एकदम अंगात आल्यासारखी पुढे झेपावते. बाबा गणिताचे मास्तर होते आणि काका विमा विकायचे, एवढं सांगितलं तरी कोणाची कोणती हे सांगावं लागू नये. बाबांनी गाडी घेतल्यावर काकांनीही लगेच घेतली. काकांच्या मते ती सुधारणा होती. बाबांच्या मते तो मत्सर होता.

आता दोघंही गाडी चालवत नाहीत. बाबांचा उजवा गुडघा गेलाय, त्यामुळे किक मारता येत नाही. काकांचे पाय खणखणीत आहेत, पण कान गेलेत. मात्र रविवारी सकाळी दोघं अंगणातल्या पत्र्याच्या शेडमध्ये उतरतात. काका आधी थोरलीला किक मारतात, मग धाकटीला. बाबा डोळे मिटून, टाकीवर हात ठेवून दोन्ही इंजिनं ऐकतात. मग शर्टाच्या खिशातला, पेनाशेजारचा छोटा स्क्रू-ड्रायव्हर काढून कार्बोरेटरचे स्क्रू केसभर इकडेतिकडे करतात आणि दोन्ही सिलिंडर एका तालावर आणतात. सगळा वेळ कोणी कोणाशी बोलत नाही. काकांना ऐकू येत नाही, आणि जन्मभर वर्गात ओरडून झाल्यावर बाबांनी आवाज चढवणं सोडून दिलंय. यात काही विशेष असेल असं मला कधी वाटलं नव्हतं. लोक रविवारी पंखे पुसतात, तसंच हे.

खटला उभा राहिला तो सोसायटीच्या नोटिशीमुळे. शेडमध्ये जागा कमी, तेव्हा एका कुटुंबाला दोनच वाहनं. आमची वाहनं तीन: थोरली, धाकटी आणि माझी स्कूटर. खालचं घर आमचं आणि वरचं काकांचं, पण दोन्ही आजोबांच्या नावावर असल्यामुळे नियमाच्या दृष्टीने आम्ही एक कुटुंब. मी सेक्रेटरींना भेटून म्हटलं, “अहो, वाहनं तीन असली तरी त्यातलं एकच फाटकाबाहेर जातं.”

सेक्रेटरी म्हणाले, “मग उरलेली दोन वाहनंच नाहीत. ती अडगळ. अडगळीला शेडमध्ये जागा नाही, असा वेगळा ठराव आहे.”

“म्हणजे दोन्ही काढायच्या?”

“चालू आहेत असा कागद आणलात तर वाहन. मग एकच काढा.”

हे गृहस्थ एके काळी जकात नाक्यावर होते. त्यांच्याशी वाद घालणं म्हणजे भिंतीला डोकं आपटून भिंतीची चौकशी करणं. कागद आणायला मी परिवहन कार्यालयात गेलो. खिडकीतल्या बाई म्हणाल्या, तपासणीसाठी गाडी इथे आणा. मी म्हटलं, आणतो. त्या म्हणाल्या, पण तपासणी झालेली नसताना ती रस्त्यावर आणता येणार नाही. मी विचारलं, मग आणू कशी? त्यांनी माझ्याकडे असं पाहिलं की जणू गाड्या मीच शोधून काढल्या. “उचलून आणा,” म्हणाल्या आणि खिडकी लावून जेवायला गेल्या.

तो कागद मला आजतागायत मिळालेला नाही. दरम्यान सेक्रेटरींनीच तोडगा काढला. त्यांच्या ओळखीत जुन्या मोटरसायकलींचे एक संग्राहक होते. ते कायम पांढरे हातमोजे घालायचे, म्हणून आमच्या घरात त्यांचं नाव हातमोजे असंच पडलं. हातमोज्यांनी फोनवर सांगितलं, “दोन्हींतली जी चांगली ती मी घेईन. तुम्ही आधी नीट तुलना करून ठेवा.”

बाबा म्हणाले, “करू दे तुलना. होऊन जाऊ दे.” काकांना मी हे ओरडून सांगितलं. ते म्हणाले, “होऊन जाऊ दे.” दोघांनाही जिंकायचं होतं. जो जिंकेल त्याचीच गाडी जाणार, हे त्या क्षणी दोघांच्याही डोक्यात आलं नाही. माझ्याही आलं नाही, पण माझ्या डोक्याकडून कोणाची तशी अपेक्षा नव्हती.

मी काम गांभीर्याने घ्यायचं ठरवलं. दुसऱ्या मजल्यावर कोर्टातून निवृत्त झालेले एक शिरस्तेदार राहतात. ते म्हणाले, “दोन्ही पक्षांना समान संधी द्या आणि निकाल राखून ठेवा. निकाल राखून ठेवला की लोक घाबरतात.” त्यांच्या समोरच्या बाईंना एवढंच हवं होतं की जी धूर सोडते ती जावी, कारण रविवारी त्यांच्या वाळत घातलेल्या चादरींना वास लागतो. नाक्यावरच्या मेकॅनिकने दोन्ही गाड्यांकडे लांबूनच पाहिलं आणि नवीन घ्या म्हणाला. बायको म्हणाली, “तुला चालवता येते का पण यातली एक तरी?”

प्रश्न अपमानास्पद होता, त्यामुळे मी लगेच थोरली अंगणात काढली. काकांनी किक मारली, बाबांनी स्क्रू फिरवला, मी बसलो. आता माझी सगळी हयात स्कूटरवर गेली, आणि माझ्या जुन्या स्कूटरचे गियर डाव्या मुठीत आहेत. मोटरसायकलचे पायात. हे मला माहीत होतं. माझ्या डाव्या हाताला माहीत नव्हतं. थोरली अत्यंत सभ्यपणे निघाली. मी गियर बदलायला मूठ पिळत राहिलो आणि ती त्याच सभ्यपणे सेक्रेटरींच्या कुंड्यांमध्ये जाऊन थांबली. पडतानाही तिने आवाज केला नाही. आवाज मी केला.

समान संधी द्यायची म्हणून तसाच लंगडत धाकटीवर बसलो. तिने आधी नुसताच धूर केला. इतका, की अंगण दिसेनासं झालं. मग तिच्या अंगात आलं. त्या धुरातून आम्ही दोघं बाहेर पडलो तेव्हा माझ्या डोक्यावर बाईंची चादर होती आणि समोर शिरस्तेदार. त्यांनी न्यायालयीन चपळाईने भिंतीचा आश्रय घेतला म्हणून वाचले. त्या दिवसापासून मला पाहिलं की ते निकालाबद्दल काही विचारत नाहीत.

एवढं झाल्यावर मी तुलनेचा पुस्तकी मार्ग धरला. फोर-स्ट्रोक पेट्रोल कमी खाते, टू-स्ट्रोक चढाला दम धरते. थोरलीला ब्रेक चांगले, धाकटीला ते असल्याची आठवण करून द्यावी लागते. पण संग्राहक नेमकं काय बघतात? हे विचारायला मी हातमोज्यांकडे गेलो.

त्यांचा हॉल पाहून मी चप्पल बाहेर काढली. गुळगुळीत फरशी, थंडगार हवा, आणि दिव्यांखाली ओळीने उभ्या मोटरसायकली. एकीच्याही खाली तेलाचा डाग नाही. हातमोजे बोलायला फार सज्जन. मूळचा रंग, मूळचे सायलेन्सर, मूळचे नट किती महत्त्वाचे ते त्यांनी मला मायेने समजावून सांगितलं. एका टाकीवरची धूळ फुंकरीने उडवली. पुसली नाही, रंगाला चरा पडेल म्हणून.

मी विचारलं, “सगळ्या सुरू होतात?”

“सुरू कशाला करायच्या?” त्यांना खरंच वाईट वाटलं. “इथे आली की मी पेट्रोल काढून टाकतो, तेल काढून टाकतो. आतून कोरडी करतो. मग तिला काही म्हणजे काही होत नाही.”

हे सगळं मी त्या दिवशी जेवताना उत्साहाने सांगितलं. बाबा फरशीचं वर्णन ऐकेपर्यंत जेवत होते.

“तेल काढतात?” त्यांनी विचारलं.

“हो.”

“सगळं?”

“थेंबसुद्धा ठेवत नाहीत म्हणाले.”

बाबांनी ताट थोडं पुढे सरकवलं आणि भूक नाही म्हणाले. मी वर जाऊन हीच हकिकत काकांना ऐकवली. काकांना ऐकवायचं म्हणजे इमारतीला ऐकवायचं. ते ऐकून काका नुसतेच खिडकीतून खाली शेडकडे बघत राहिले. काकूंनी मला खूण केली की आता जा.

दुसऱ्या दिवशी सकाळी बाबांनी मला बोलावलं. “मी रात्रभर विचार केला. न्यायाने बोलायचं तर धाकटीच चांगली.”

मला बसायला जागा शोधावी लागली. ज्या माणसाने माझ्या मुंजीच्या वयापासून मला टू-स्ट्रोकचे दुर्गुण शिकवले, तो माणूस हे बोलत होता. “तिचा पिकअप बघ,” बाबा म्हणाले. “थोरली काय, नुसती सोज्वळ. टाकीचा रंग मी एकदा लावून घेतलेला आहे. मूळचा नाही. हे तू सांग त्या गृहस्थांना.”

मी तडक वर गेलो. काका माझीच वाट बघत होते. “लिहून घे,” म्हणाले. “थोरलीसारखी गाडी होणे नाही. इंजिन म्हणजे घड्याळ. माझी काय, धूरच धूर. एक सायलेन्सर तर भलत्याच गाडीचा आहे, लक्षात ठेव.”

पुढचे काही दिवस मी वर-खाली करत राहिलो. खाली धाकटीची स्तुती, वर थोरलीची. आयुष्यभर एकमेकांच्या गाडीबद्दल जे कबूल केलं नव्हतं ते सगळं बाहेर आलं. थोरलीच्या ब्रेकने एकदा पावसात आपला जीव वाचला होता, हे काकांनी सांगितलं. धाकटीवरून जाताना आपल्याला एकदा मोठ्याने हसू आलं होतं, हे बाबांनी सांगितलं, आणि सांगून ओशाळले. मला गहिवरून आलं. मी बायकोला म्हटलं, “म्हातारपणी माणसं किती उदार होतात बघ.”

“उदार?” ती म्हणाली. “दोघांनाही आपापली वाचवायची आहे. एवढं कळत नाही आणि पंच म्हणे.”

तिचं बरोबर होतं. हे वाक्य मला या कथेत पुन्हा लिहावं लागू नये म्हणून इथेच लिहून टाकतो.

हातमोजे ठरल्या दिवशी आले. अंगणात सेक्रेटरी, शिरस्तेदार आणि चादरीवाल्या बाई आधीच उभ्या होत्या. मुलगी बघायला आल्यासारखं वातावरण होतं, फक्त दोन्ही बापांना नकार हवा होता. बाबा म्हणाले, “हिचं काही खरं नाही. सुरूच होत नाही अलीकडे.” काका कोणी न विचारता म्हणाले, “माझी खोकते.”

“थोरली आधी बघू,” हातमोजे म्हणाले.

बाबांनी गुडघ्यावर हात ठेवला आणि हताश चेहरा केला. मीच पुढे झालो आणि किक मारली. काही नाही. पुन्हा मारली. किक उलटली आणि माझ्या नडगीवर बसली. बाबांच्या चेहऱ्यावर समाधान पसरलं. हातमोज्यांनी मान हलवली. सेक्रेटरी म्हणाले, “मी म्हटलंच होतं, अडगळ.”

हा शब्द काकांना ऐकू आला नसणार. पण सेक्रेटरींचं तोंड ज्या पद्धतीने वाकडं झालं ते त्यांना दिसलं. ते आले, मला खांद्याला धरून बाजूला केलं, खाली वाकले. पेट्रोलचा कॉक बंद होता. बाबांनीच बंद करून ठेवला असणार. काकांनी बाबांकडे एकदा बघितलं, कॉक उघडला, आणि किक मारली. थोरली पहिल्याच किकला बोलायला लागली, तीच ती हलक्या आवाजात. हे प्रेम होतं की डाव, हे मला सांगता येणार नाही. थोरली चांगली ठरली तर धाकटी वाचणार होती. पण काकांचा चेहरा डाव साधलेल्या माणसाचा नव्हता. भावाला कोणी परक्याने हसलेलं न खपणाऱ्या माणसाचा होता.

मग धाकटी. ती सुरू झाली ती भयंकर खोकत. एक सिलिंडर पुढे, एक मागे. काकांनी आदल्या दिवशी स्क्रू सैल करून ठेवले होते, हे माझ्यासारख्यालाही कळलं. काका शांत उभे होते, त्यांना तो आवाज ऐकूच येत नव्हता. बाबांना येत होता. गणित चुकलेल्या फळ्यासमोर उभं राहावं तसे ते उभे होते. एकदा हात खिशाकडे गेला, परत आला. हातमोजे म्हणाले, “ही तर गेलेलीच दिसते.”

बाबांनी स्क्रू-ड्रायव्हर काढला. लंगडत गेले, डोळे मिटले, धाकटीच्या टाकीवर तळवा ठेवला आणि स्क्रू केसभर फिरवले. खोकला थांबला. दोन्ही सिलिंडर एका तालात आले आणि दोन्ही गाड्या शेजारी शेजारी, रविवारी चालतात तशा चालू राहिल्या. मी इतकी वर्षं हे बघत आलो होतो. एकाचा पाय आणि दुसऱ्याचा कान लावल्याशिवाय यातली एकही गाडी गाडी नाही, हे मला त्या दिवशी कळलं. मी भलत्याच दोघींची तुलना करत बसलो होतो.

हातमोज्यांनी बराच वेळ ऐकलं. मग धाकटीकडे बोट केलं. “ही. टू-स्ट्रोक आता मिळत नाहीत. सायलेन्सर मी मूळचा शोधेन.”

काका आपले हसऱ्या चेहऱ्याने सगळ्यांकडे बघत होते. त्यांना काहीच कळलेलं नव्हतं. मी ओरडून सांगायला श्वास घेतला, तोच बाबा म्हणाले, “थांब. त्याला सांगू नकोस.” मग हातमोज्यांकडे वळले. “ती देता येणार नाही.”

“पण मालक ते आहेत ना?”

“मालक तोच आहे.” बाबांनी स्क्रू-ड्रायव्हर खिशात ठेवला. “पण ती गेली तर तो रविवारी खाली कशाला येईल?”

मग आपण भलतंच काही बोलून गेलो असं वाटून की काय, बाबांनी पुस्ती जोडली, “आणि तो आला नाही तर माझीला किक कोण मारणार?” एवढं बोलून ते काकांकडे वळले आणि ज्या माणसाने निवृत्तीनंतर आवाज चढवला नव्हता तो माणूस सबंध अंगणाला ऐकू जाईल असा ओरडला, “तुझी गाडी द्यायची नाही!”

“बरं,” काका म्हणाले. “ओरडतोस कशाला?”

चादरीवाल्या बाईसुद्धा भिंतीकडे बघायला लागल्या. हातमोज्यांनी एक हातमोजा काढला आणि धाकटीच्या गरम टाकीवर उघडा हात क्षणभर ठेवला. त्यांच्या हॉलमध्ये गरम असं काहीच नव्हतं.

“ते ठीक आहे. चालू आहेत हे मी स्वतः ऐकलं, कागद नको,” सेक्रेटरी म्हणाले. “पण नियमाचं काय? तीनातलं एक जायला हवं.”

सगळ्यांनी आधी थोरलीकडे पाहिलं, मग धाकटीकडे. मग सगळ्यांच्या नजरा सावकाश शेडच्या कोपऱ्यात गेल्या. तिथे माझी स्कूटर उभी होती. मी अपेक्षेने हातमोज्यांकडे पाहिलं. म्हटलं, हिचा रंग मूळचा आहे, नट मूळचे आहेत, चरेसुद्धा सगळे माझेच आहेत. त्यांनी हातमोजा परत घातला.

स्कूटर शेवटी कोपऱ्यावरच्या इस्त्रीवाल्याने नेली. कपड्यांचं गाठोडं घेऊन तो रोज माझ्या समोरून जातो, आणि बसच्या रांगेत उभा राहून बघताना असं वाटतं की माझ्यापेक्षा त्याच्या हाताखाली ती जास्त आनंदात आहे. आमच्या कुटुंबाकडे आता नियमाप्रमाणे दोन वाहनं आहेत. फाटकाबाहेर एकही जात नाही.

परवाच्या रविवारी दोन्ही गाड्या चालू होत्या. बाबांनी मला हाक मारली. “ते सगळं झालं. पण तू निकाल दिला नाहीस. कुठली चांगली?” काकांनी प्रश्न ऐकला नव्हता, पण ओळखला, आणि तेही माझ्याकडे बघायला लागले.

मी खूप विचार केला. मग मनापासून, काकांनाही ऐकू जाईल इतक्या मोठ्याने म्हणालो, “दोन्ही सारख्याच.”

बाबांनी काकांकडे पाहिलं. काकांनी बाबांकडे पाहिलं. मग दोघांनीही माझ्याकडे पाहिलं.

“याला पंच कोणी केलं?” काका म्हणाले.

“तेच म्हणतो मी,” बाबा म्हणाले.

हे त्यांचं दुसरं एकमत. तेव्हापासून दोघंही माझ्याशी बोलत नाहीत. एकमेकांशी मात्र बोलतात.